जुन्या सेफ्टी रेझरला नवे प्लेटिंग: निकेल, क्रोम, रोडियम की सोने?

जुन्या रेझरवर नवे प्लेटिंग, म्हणजे धातूचा पातळ मुलामा, करायचे ठरले की कोणता रंग शोभेल हाच प्रश्न आधी मनात येतो. खरे तर त्याआधी मूळ धातू ओळखायला हवा, कारण वरचा थर किती टिकणार हे त्यावरच अवलंबून असते. जिलेटच्या जुन्या तीन भागांच्या रेझरमध्ये बहुधा पितळ असते आणि झिजलेल्या कडांवर ते पिवळे दिसते. तिथे राखाडी धातू दिसला, तर जस्ताची मिश्रधातू असण्याची शक्यता असते. तिच्यावर आधी तांब्याचा थर जपून द्यावा लागतो आणि आम्लात ती लवकर खराब होते, म्हणून असे काम अनुभवी कारागिराकडेच द्यावे. मूठ फिरवून वरची दारे उघडणारा रेझर असेल, तर प्लेटिंगचे द्रावण आतल्या भागांत अडकून नंतर झिरपत राहते, त्यामुळे तो पूर्ण सुटा करता येत नसेल तर मी प्लेटिंग टाळण्याचाच सल्ला देईन.

रोजच्या वापरासाठी माझी पहिली पसंती निकेललाच आहे. मूळ रेझरवर निकेल असेल, तर त्याची किंचित पिवळसर, उबदार झाक नव्या थरातही जशीच्या तशी मिळते. आठ-दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर चांगला टिकतो आणि झिजला तरी पुन्हा चढवता येतो. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही त्यांनी मात्र ते घेऊ नये. अशा लोकांना रोडियम हा प्लॅटिनमच्या गटातला पांढरा धातू सुचवला जातो, पण रोडियमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याखाली बहुधा निकेलच असते, म्हणून खाली पॅलेडियमसारखा निकेलविरहित थर देणार का, हे स्पष्ट विचारावे. क्रोम कठीण आणि स्वस्त असते, पण त्याची निळसर चमक जुन्या वस्तूवर परकी वाटते. चांदी हवेतील गंधकयुक्त वायूंनी काळवंडते आणि तिला वारंवार घासावे लागते.

रेझर मुळात सोनेरी असेल, तरच सोन्याचा विचार करावा. शुद्ध सोने मऊ असते. बोटांच्या व टॉवेलच्या घर्षणाने पातळ थर लवकर उडतो, आणि पितळावर थेट चढवले तर खालचे तांबे हळूहळू वर येऊन रंग मळतो. मध्ये निकेल दिले की हा दोष टळतो.

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर सोन्याचे पाणी व रोडियम करणाऱ्यांची चौकशी करता येईल, तर निकेल व क्रोमसाठी कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत विचारावे. कारागिराशी बोलताना थराची जाडी मायक्रॉनमध्ये ठरवून घ्यावी आणि 'चकचकीत करून द्या' एवढ्यावर काम सोपवू नये. प्लेटिंगपूर्वीचे बफिंग, म्हणजे चाकावर घासून चकचकीत करणे, हाच सर्वांत मोठा धोका असतो: जोराने फिरणाऱ्या चाकावर मुठीवरची बारीक खाचांची नक्षी सपाट होते, पेटंटची अक्षरे पुसली जातात आणि ब्लेड दाबून धरणाऱ्या टोपीची कड गोल होते. अशी कड ब्लेड नीट पकडत नाही, मग रेझर कितीही झळाळला तरी दाढी नीट होत नाही. कड आणि अक्षरे यांना चाक लावू नये, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

दुसरी काळजी मूठ जोडणाऱ्या स्क्रूच्या आट्यांची. साठ अंशांच्या कोनाच्या आट्यांवर थर दोन्ही बाजूंना चढतो आणि त्यांचा परिणामकारक व्यास (आट्यांच्या उतारावर मध्यावर मोजलेला) थराच्या जाडीच्या चौपट वाढतो. म्हणजे दहा मायक्रॉनच्या निकेलने चाळीस मायक्रॉनची वाढ होते आणि मूठ अडकू शकते. म्हणून आट्या झाकून घ्यायला सांगावे. कामाला देण्यापूर्वी गरम साबणाच्या पाण्यात आणि मऊ ब्रशने रेझर धुऊन पाहावा; काळा दिसणारा थर बऱ्याचदा साबणाचा साठलेला मळ असतो, आणि तो निघाल्यावर खालचे मूळ निकेल शाबूत सापडले तर प्लेटिंगची गरजच उरत नाही. पितळी भांड्यासारखी चिंच किंवा लिंबू मात्र लावू नये, कारण आम्लाने पातळ थर खराब होतो.