पाण्यावर गोळा केलेला वायू मोजताना

धातू आणि आम्लातून निघणारा हायड्रोजन पाण्याने भरलेल्या उपड्या नळीत जमला की पाण्याच्या वरच्या काचेकडे आतून नीट बघा. बारीक थेंब धरलेले दिसतात. विद्यार्थ्यांना मी आधी तेच दाखवते, कारण पुढचं सगळं गणित त्या थेंबांवर उभं आहे. नळीत हायड्रोजन एकटा नाही, सोबत पाण्याची वाफ आहे.

1801 साली इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी अशा मिश्रणाचा नियम मांडला: मिश्रणातला प्रत्येक वायू सगळी जागा आपल्या एकट्याचीच असल्यासारखा दाब देतो, आणि या आंशिक दाबांची बेरीज म्हणजे एकूण दाब. म्हणून आकारमानातून वाफेचा वाटा वजा करायला जाऊ नका. आकारमान दोघांचं एकच, तापमानही एकच. वजाबाकी फक्त दाबाची.

प्रयोगाला मॅग्नेशियमची 0.040 ग्रॅम फीत घ्या. आधी घासून चकचकीत करा, मगच वजन करा. ऑक्साइडचा थर राहिला तर तोही धातू म्हणून मोजला जातो. फीत तांब्याच्या तारेत गुंडाळून तार बुचात अडकवा. अंशांकित नळीत तळाशी थोडं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यावर काठोकाठ पाणी अगदी हळू ओता. एका भोकाचं बूच लावा, भोकावर हातमोज्यातलं बोट धरा आणि नळी पाण्यात उपडी करा. आम्ल जड, ते खाली उतरतं आणि फितीपाशी बुडबुडे सुरू होतात.

बुडबुडे थांबले तरी लगेच आकडा टिपू नका. अभिक्रियेने वायू तापलेला असतो. दहा मिनिटं जाऊ द्या. मग उंच पात्रात नळी वर-खाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एका रेषेत आणा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, आणि मला तिचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. आतलं पाणी 68 मिमी वर राहिलं, तर आतला दाब हवेपेक्षा पाऱ्याच्या 5 मिमीने कमी असतो, कारण पारा पाण्याच्या 13.6 पट जड.

तापमान वायूलगतच्या पाण्याचं घ्या, भिंतीवरच्या तापमापकाचं नको. बाष्पदाब, म्हणजे पाण्याच्या वाफेचा दाब, त्यावरच ठरतो: 20 अंश सेल्सिअसला पाऱ्याचे 17.5 मिमी, 25 ला 23.8, 30 ला 31.8. नळीत वायू किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

समजा, हवेचा दाब 752 मिमी, पाणी 27 अंश, वायू 42.4 मिलिलिटर. 27 अंशांचा बाष्पदाब 26.7, म्हणजे कोरड्या हायड्रोजनचा दाब 725.3 मिमी. तोच आदर्श वायू समीकरणात (PV = nRT, म्हणजे दाब, आकारमान आणि तापमानावरून मोल) घाला: 0.00164 मोल येतात. एका मोल मॅग्नेशियममागे एक मोल हायड्रोजन, म्हणून धातू 0.0399 ग्रॅम. फितीच्या वजनाशी जुळलं. वजाबाकी विसरलात तर 0.0414 येईल, आणि दोष विनाकारण तराजूवर जाईल.

चंबू आणि वाहकनळी वापरत असाल, तर सुरुवातीचे बुडबुडे हवेचे असतात. शुद्ध वायू हवा असेल तर ते सोडून द्या. पण मोल मोजायचे असतील तर एकही सोडू नका: जितका वायू तयार झाला तितकीच हवा त्याने पुढे ढकलली आहे, तेव्हा ती मोजणं म्हणजे वायूच मोजणं.