श्वास मोजल्याशिवाय अठरा लिहू नका

माझ्या मावसबहिणीला यंदा बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. यादी लागली त्याच संध्याकाळी तिचा फोन. "ताई, स्टेथोस्कोप कुठला घेऊ?" मी म्हटलं, आधी सेकंदकाटा असलेलं घड्याळ घे, स्टेथोस्कोपचं नंतर बघू. मग तासभर बोलत बसलो. तिला जे सांगितलं तेच इथे लिहून काढते. मी बार्शी तालुक्यातली, शाळा मराठी माध्यमाची. चार वर्षं कॉलेज केलं आणि आता सहा वर्षं पुण्यात स्टाफ नर्स आहे.

प्रवेशाचं थोडक्यात. बी.एस्सी. चार वर्षांचं. त्याला बारावी सायन्स, जीवशास्त्रासह, आणि राज्याची सीईटी लागते. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवाइफरीचा डिप्लोमा, तीन वर्षांचा, कुठल्याही शाखेची बारावी चालते. एएनएम, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफचा कोर्स, दोन वर्षांचा. कुठलंही घ्या, पण फी भरायच्या आधी दोन गोष्टी करा. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, दोन्हींची मान्यता यंदाच्या वर्षासाठी आहे का ते बघा. आणि कॉलेजच्या रुग्णालयात सकाळी अकरा वाजता, कुणाला न सांगता, एक चक्कर मारून या. ओपीडीत गर्दी हवी, वॉर्डात खाटा भरलेल्या हव्यात. रिकाम्या वॉर्डात तुम्ही चार वर्षं पुतळ्यालाच आंघोळ घालत बसाल. इमारतीच्या काचा आणि लॉन बघून वडिलांनी पैसे भरले, अशा दोन मैत्रिणी मला माहीत आहेत.

सामानात काय न्यायचं? घड्याळ झालं. निळं आणि लाल पेन, कारण बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या नोंदी लाल शाईत करतात. खिशात मावेल अशी डायरी. पाय न चावणारे बूट, इथे कंजुषी नको. आणि वॉर्डातलं पोस्टिंग लागायच्या आत हिपॅटायटिस बीचे डोस सुरू करा. तीन डोस असतात, पहिल्यानंतर दुसरा एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी. म्हणजे आज सुरू केले तर अर्धं वर्ष जातं.

मराठी माध्यमाच्या मुलींना अ‍ॅनाटॉमीची धास्ती असते. मलाही होती. पहिल्या आठवड्यात पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर मी पेन्सिलीने एकतीस शब्दांचे अर्थ लिहिले होते. मग एका सिनियरने शब्द फोडायला शिकवलं. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टॉमी' आलं की काढून टाकणं, 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद, 'नेफ्रो' मूत्रपिंड, 'हिपॅटो' यकृत. असे साठेक तुकडे पाठ झाले की निम्मं पुस्तक उलगडतं. परीक्षेत वाक्यं साधी लिहा आणि आकृती काढा. इंग्रजीमुळे नापास झालेली माझ्या बॅचला एकही नव्हती. फिजिऑलॉजी न वाचल्यामुळे झालेल्या होत्या.

आता वॉर्ड. पहिले काही आठवडे बेड मेकिंग, स्पंज, तोंडाची स्वच्छता आणि टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास. मुलींना वाटतं, ही मावशीची कामं आपण का करायची? मीही तशीच वैतागले होते. त्या वैतागातच माझ्याकडून ते घडलं.

फिमेल मेडिकल वॉर्ड, सकाळची ड्युटी, माझ्याकडे अकरा पेशंट. ताप घेतला, नाडी मोजली, आणि श्वासाच्या रकान्यात अकराच्या अकरा जणींना 'अठरा' लिहून मोकळी झाले. सगळेच अठरा नाहीतर वीस लिहितात. खोटं वाटत असेल तर कुठल्याही वॉर्डातला चार्ट उघडून बघा. राउंडच्या आधी इन्चार्ज सिस्टरांनी चार्ट हातात घेतला, मला सात नंबरच्या खाटेपाशी नेलं आणि एकच शब्द बोलल्या, "मोज." नऊवारीतल्या आजी, डोळे मिटलेले, पदर भराभर खालीवर होत होता. पूर्ण मिनिट मोजलं. छत्तीस. न्यूमोनिया होता. सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं, उशा लावून आजींना बसतं केलं, ऑक्सिजन लागला. आजी आठवड्याने घरी गेल्या. सिस्टर मला रागावल्या नाहीत. उरलेल्या दहाजणींचे श्वास पुन्हा मोजायला लावले, तेवढंच.

म्हणून मोजायची पद्धत नीट सांगते. नाडी मोजून झाली की हात सोडू नका. बोटं मनगटावर तशीच ठेवा, जणू अजून नाडीच चालू आहे, आणि नजर छातीवर न्या. श्वास मोजताहेत हे कळलं की पेशंट वेगळा श्वास घ्यायला लागतो, तुम्हीही घ्याल. पदर किंवा चादर एकदा वर आणि एकदा खाली म्हणजे एक. पूर्ण साठ सेकंद मोजा, तीस मोजून दुप्पट करू नका. मोठ्या माणसाचा साधारण बारा ते वीस असतो. वीसच्या वर गेला तर पुन्हा मोजा आणि सिस्टरांना जाऊन सांगा, नुसता लिहून पुढच्या खाटेवर जाऊ नका. आणि मोजला नसेल तर रकाना मोकळा सोडा. मोकळा रकाना बघून कुणीतरी येऊन मोजेल. 'अठरा' बघून कुणी येत नाही.

सलाईनचे थेंब काढायला मुली घाबरतात, पण गणित पाचवीचं आहे. आधी सेटच्या, म्हणजे सलाईन लावायच्या नळीच्या, पाकिटावर बघा, एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. वीस थेंबांचा सेट असेल तर तासाला जितके मिली द्यायचे त्याला तीनाने भागा. ५०० मिली ४ तासांत म्हणजे तासाला १२५, भागिले तीन, मिनिटाला ४२ थेंब. मायक्रोसेट साठ थेंबांचा असतो, तिथे भागायचंही नाही. तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब.

इन्सुलिनच्या बाबतीत मात्र सावध. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटच्या बाटल्या मिळतात आणि १०० युनिटच्याही. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं तर पेशंटला अडीचपट डोस जातो. बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात धरून, दुसऱ्या कुणाला तरी दाखवून मगच भरा. विद्यार्थिनी असेपर्यंत कुणाला दाखवायची लाज वाटू देऊ नका. मी अजून दाखवते.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका, सरळ पांढऱ्या डब्यात टाका. सलाईनचे सेट आणि नळ्या लाल पिशवीत, रक्ताळलेलं ड्रेसिंग पिवळ्यात, काचेचे अँप्यूल निळ्यात. हे मला पुस्तकाआधी वॉर्डातल्या मावशीने शिकवलं, तेही माझ्या हातातली चुकीची पिशवी हिसकावून. मावशी आणि मामांशी नीट बोला. कुठली ट्रॉली कुठे, कुठल्या डॉक्टरांना कशाची चीड, त्यांना सगळं माहीत असतं. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच मिनिटाला सांगा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागलं तर पहिल्या दोन तासांत मिळालेलं बरं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. रागावतील म्हणून लपवू नका. रागावू देत.

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि लेबर रूममध्ये उपाशी जाऊ नका. चक्कर येते, सगळ्यांना येते. डोळ्यांपुढे अंधारी आली की भिंतीला टेकून खाली बसा, निर्जंतुक ट्रॉलीच्या दिशेने मात्र जाऊ नका. तेवढं सोडून सगळं माफ असतं.

केसबुक, म्हणजे बघितलेल्या-केलेल्या कामांची नोंदवही. प्रसूती बघितली किंवा केली, तर नोंद त्याच दिवशी आणि सही त्याच ड्युटीत. सिस्टरांची बदली होते, सुट्टी लागते, मग शेवटच्या महिन्यात मुली वही घेऊन गावभर फिरतात. हजेरीचंही तसंच. थिअरीला ८० टक्क्यांवर परीक्षेला बसता येतं, पण पदवीसाठी क्लिनिकलची, म्हणजे रुग्णालयातल्या ड्युटीची, हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. बहिणीच्या हळदीला घेतलेल्या चार सुट्ट्या मी इंटर्नशिप संपल्यावर, सगळ्या मैत्रिणी घरी गेल्यानंतर, एकटीने भरल्या.

निकाल लागला की लगेच महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करा, तिच्याशिवाय स्टाफ नर्स म्हणून काम करता येत नाही. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पदवी, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते पहिल्याच वर्षी तपासा. माझ्या नावात एका ठिकाणी एक 'ए' जास्त होता, त्या एका अक्षरापायी प्रतिज्ञापत्र, फोटो आणि मुंबईच्या तीन फेऱ्या झाल्या. आणि मधल्या काळात लग्न ठरलंच, तर नोंदणी हातात येईपर्यंत माहेरचंच नाव राहू द्या.