ऑफिसातला आपला माणूस गेला की काय करायचं (आणि काय नाही)

सकाळी पावणेसातला ग्रुपवर मेसेज येतो आणि पुढच्या दहा मिनिटांत चाळीस जण 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकून मोकळे होतात, वरच्याचं कॉपी करून खाली पेस्ट. आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या कंपनीत स्टोअरमधले दादा गेले तेव्हा मीही तेच केलं, खोटं कशाला बोलू. वय ५१, हार्ट अटॅक, आदल्या दिवशी सेकंड शिफ्टला माझ्याशी नटबोल्टवरून भांडलेला माणूस. नंतर वर्षभर त्यांच्या घरचं बरंच काय काय आमच्या चौघांच्या अंगावर आलं, त्यात चुकाही झाल्या, म्हणून लिहितोय.

पहिल्या दिवशी पन्नास जणांनी घरी जाऊ नका. अंत्यविधीला ज्यांना जमेल ते जातीलच, पण घरी दोघा-तिघांनीच जायचं, त्यातही एक बाई असलेली बरी, वहिनींजवळ बसायला. काय बोलायचं सुचत नाही ना? मग नका बोलू. 'देवाला चांगली माणसं लागतात', 'आता तुम्हीच खंबीर व्हायला हवं' हे तर अजिबात नको, त्या बाईने ते सकाळपासून तीस वेळा ऐकलेलं असतं. घरात पाहुणे किती आहेत, पाण्याचे जार मागवायचे का, गावाहून येणाऱ्यांना स्टँडवरून कोण आणणार, हे बघा. त्या घरी चूल पेटत नाही, पिठलं-भात शेजारचे नाहीतर भावकीतले देतात, त्यांना विचारून एक वेळ आपण घ्या. आणि निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, नुसतं उठायचं. आमच्यातला एक जण सवयीने 'बरंय वहिनी, येतो' बोलून गेला आणि घरातल्या म्हाताऱ्या आजींनी असं बघितलं की विचारू नका.

दहाव्याला गोदाघाटावर गेलात तर सकाळी लवकर जा आणि मागे उभे रहा. कावळा शिवेपर्यंत घरचे एकेक इच्छा बोलून बघतात, 'पोरीचं शिक्षण करू', 'आईला सांभाळू'. तिथे आमचे साहेब पुढे होऊन 'कंपनी तुमच्या पाठीशी आहे' म्हणाले. भावना खरी असेल पण एचआरला न विचारता असा शब्द देऊ नये, नंतर घरचे त्याच आशेवर बसतात.

आता शोकसभा. आपल्याकडची शोकसभा म्हणजे फोटोला हार, दोन मिनिटं शांतता आणि मग मॅनेजरचं भाषण, ज्यात माणसापेक्षा कंपनीचंच कौतुक जास्त. एवढंच करा, वेळ शिफ्ट बदलायची ठेवा म्हणजे दोन्ही शिफ्टचे लोक येतील, आणि बोलायला हुद्देवाल्यांपेक्षा रोज बरोबर बसणारे निवडा, कँटीनवाला, सिक्युरिटीवाला, ट्रेनी. प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा, 'फार चांगला माणूस होता' असं बोलायचं नाही, एक घडलेली गोष्ट सांगायची. आमच्याकडे कँटीनच्या मावशी म्हणाल्या, दादा रोज शेवटी जेवायला यायचे, भाजी संपली का बघायचे आणि संपली असली की 'मला आज भूक नाही' म्हणून ताक पिऊन जायचे, म्हणजे मला परत फोडणी टाकायला लागू नये. सगळा हॉल गप्प. दादांची मुलगी बारावीला होती, तिला हे माहीतच नव्हतं. घरच्यांना त्यांचा घरातला माणूस माहीत असतो, रोजचे आठ-नऊ तास तो दुसरीकडे काय करायचा ते फक्त आपल्याकडे असतं, आणि ते आपण दिलं नाही तर त्यांना कुठूनच मिळणार नाही.

म्हणून एक वही ठेवा, साधी दोनशे पानी. महिनाभर स्टोअरच्या खिडकीत ठेवली, ज्याला जे आठवेल ते त्याने लिहायचं, भांडणं पण लिहा. मराठी लिहिता येत नाही त्याने हिंदीत लिहा, आमच्या बिहारच्या पोरांनी सगळ्यात छान लिहिलं. फोटोंचं पण असंच, कंपनीच्या पूजेचे, पिकनिकचे, मागे कुठेतरी कोपऱ्यात दिसणारे. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, क्वालिटी जाते, पेनड्राइव्हवर द्या. लॉकर मात्र एकट्याने उघडू नका. घरचं कोणीतरी आणि एचआरचा एक माणूस समोर हवा, चप्पल-डब्यासकट सगळी यादी करून द्यायची.

वर्गणी काढलीत तर कोणी किती दिले याची यादी पाकिटात घालू नका. आणि अजून एक, याबद्दल कोणी बोलत नाही. दादांकडून उसने घेतलेले बरेच होते. घरच्यांना माहिती नसतं, विचारणार पण नाहीत. स्वतःहून नेऊन द्या. मी ३,५०० दिले, आणि 'कशाचे?' विचारल्यावर खरं सांगताना लाज वाटली, पण सांगितलं.

खरी आठवण ठेवायची जागा म्हणजे कागदपत्रं, इथे घरचे एकटे पडतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढायला सांगा, प्रत्येक जण ओरिजिनल बघायला मागतो. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, आणि पीएफबरोबरच जो विमा असतो, ईडीएलआय, त्यासाठी ५-आयएफ. हा विमा बऱ्याच जणांना माहीतच नसतो, कमाल ७ लाखांपर्यंत मिळतो. पेन्शन पत्नीला आणि शिवाय दोन मुलांना २५ वर्षं वयापर्यंत असते. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं नोकरीची अट असते पण मृत्यू झाला तर ती लागत नाही, नवीन पोरगा गेला असेल तरी क्लेम करा. बँक पासबुकात ४३६ किंवा २० रुपये कापल्याची एंट्री दिसते का बघा, ते सरकारी विमे आहेत, दोन-दोन लाखांचे, २० वाला फक्त अपघाताचा. आमची सगळी गाडी अडकली नॉमिनीवर, फॉर्म लग्नाआधीचा, आईच्या नावाचा. चार महिने चपला झिजवल्या. तुमचा स्वतःचा आज रात्री उघडून बघा, मी आधी तेच केलं.

त्यांचा मोबाईल नंबर बंद होऊ देऊ नका. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, आणि तो नंबर आधार, बँक, पीएफ सगळीकडे लावलेला असतो. आम्ही वर्षभर आळीपाळीने रिचार्ज मारला. पण नंबर चालू आहे म्हणून त्यांच्या एटीएमने पैसे काढायचे नाहीत, बँकेला आधी कळवायचं, नाहीतर वारसांमध्येच भांडणं लागतात. ग्रुपमधून त्यांना काढायची घाई कोणी करू नका, आणि ग्रुपवर रात्री जोक टाकताना लक्षात ठेवा की तो फोन आता वहिनींच्या हातात आहे.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. माणूस खरा लागतो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, मुलीची ॲडमिशन, गाडी ट्रान्स्फर, गॅसचं कनेक्शन नावावर करणं. आम्ही चौघांनी महिने वाटून घेतले होते, ज्याचा महिना त्याने एकदा जाऊन यायचं, 'काही लागलं तर सांगा' असं म्हणायचं नाही कारण कोणी सांगत नाही, सरळ 'शनिवारी आरटीओला जाऊ, कागद काढून ठेवा' म्हणायचं.

वर्षश्राद्ध तिथीने असतं, आपल्या डोक्यात मात्र तारीख असते, दोन्हीत बऱ्याचदा दहा-अकरा दिवसांचा फरक पडतो. दोन्ही दिवस मोबाईलमध्ये टाकून ठेवा. तिथीला बोलावलं तर जा, तारखेला फोन करा, पण सकाळी नको, संध्याकाळी सातनंतर, तेव्हा वहिनी कामावरून आलेल्या असतात.