गावात डास सोडायला कुणी आलं, तर सभा कशी घ्यायची

मी आरोग्य सेवक होतो. एकतीस वर्षं जालना जिल्ह्यात लोकांचे रांजण आणि ड्रम उपसत, हौदात ॲबेट हे अळ्या मारायचं औषध टाकत फिरलो. विहिरींत गप्पी मासेही सोडले, हजारोंनी. एका वस्तीवर विहिरीत गप्पी सोडल्यावर दुसऱ्या वर्षी एक आजी म्हणाली, "पोरं हिरीत बेडकाची पिल्लं बघायची, आता एक दिसंना. माशे सोडायच्या आधी कुणाला इचारलं व्हतं का रं बाबा?" मी हसून पुढे गेलो. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, हे मला निवृत्ती जवळ आल्यावर कळलं.

आजीचं बोलणं पुन्हा आठवलं ते जानेवारी २०१७ मध्ये. आमच्या जिल्ह्यातल्या दावलवाडीला ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीनं आणि तिच्या इथल्या भागीदारानं जनुक बदललेल्या एडिस डासांच्या चाचण्या सुरू केल्या. एडिस म्हणजे डेंग्यू पसरवणारा डास; बदललेले डास सोडून गावातले डास कमी करायचे, अशी ती कल्पना. त्या पिंजऱ्यातल्या होत्या. असे डास भारतात मोकळे सोडलेले नाहीत. पण तेव्हापासून लोक मला विचारतात, उद्या आमच्याच गावात आले तर हो म्हणायचं का? हो की नाही हे मी सांगत नाही. सभा कशी घ्यायची तेवढं सांगतो.

पहिल्यांदा नेमकं काय सोडणार ते लिहून घ्या. "जनुकवाले डास" एवढ्यावर थांबू नका. वोल्बाकियाचे डास वेगळे. त्यांच्यात एक जिवाणू घातलेला असतो, जनुक बदललेलं नसतं. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात त्यांनी डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी केला, आणि आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पुदुच्चेरीतल्या संस्थेनं तसे डास तयार केलेत. दुसरे, दावलवाडीतल्यासारखे: नर सोडायचे, ते गावातल्या माद्यांशी जुळतात आणि त्यांची पिल्लं मोठी व्हायच्या आत मरतात. सोडणं थांबवलं की काही काळानं सगळं पूर्ववत. तिसरा प्रकार जीन ड्राइव्ह. त्यात जनुकातला बदल दर पिढीला आपोआप पसरत जातो. २०१८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पिंजऱ्यातले मलेरियाचे डास या पद्धतीनं ७ ते ११ पिढ्यांत संपले.

आता गावाचा नकाशा फळ्यावर काढा. एडिस फार उडत नाही, सहसा शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. म्हणजे दुसऱ्या प्रकारात डास सोडायच्या जागेभोवती वर्तुळ काढता येतं, आणि थोडा मोकळा हात ठेवून त्या वर्तुळातल्या प्रत्येक घराला विचारता येतं. तांडा, शेतातली वस्ती, ऊसतोडीला गेलेल्यांची कुलूपबंद घरं, सगळी धरा. जीन ड्राइव्हला हे वर्तुळच काढता येत नाही. तिथं आपल्या ग्रामसभेला हो म्हणायचा अधिकारच नाही असं माझं मत आहे, कारण आपण चार जिल्ह्यांच्या वतीनं सही करत असतो. नाही मात्र म्हणता येतं.

मत कुणाचं, हा वाद होणारच. अमेरिकेत फ्लोरिडात २०१६ मध्ये मतदान घेतलं, तर जिथं डास सोडायचे होते त्या 'की हेवन' नावाच्या वस्तीतल्या लोकांनी नाही म्हटलं आणि अख्ख्या काउंटीनं, म्हणजे तिथल्या जिल्ह्यानं, हो म्हटलं. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या दुसऱ्या बेटांवर सोडले. आपल्याकडे याचा अर्थ असा की तालुक्याचा ठराव दाखवून वस्तीला गप्प बसवू देऊ नका.

आता तो प्रश्न, जो आलेल्या साहेबांना सहसा कुणी विचारत नाही: मोसंबीची बाग किती लांब आहे?

हसू नका. प्रयोगशाळेत या दुसऱ्या प्रकारच्या डासांची पिल्लं जगवायची असतील तर पाण्यात टेट्रासायक्लिन घालतात. ते औषध मिळालं तर मरणारी पिल्लं जगू शकतात. न मिळताही प्रयोगशाळेत शंभरातली तीन-चार जगलेली आहेत. आणि आपण बागेवर मारत आलो त्या स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये टेट्रासायक्लिन असतं. गुरांच्या, कोंबड्यांच्या औषधांतही असतं. फ्लोरिडात परवानगी देताना लिंबूवर्गीय बागा, गुरं-कोंबड्यांचे मोठे फार्म आणि सांडपाण्याची केंद्रं यांपासून ५०० मीटर लांब राहायची अट होती. जालन्यात असं ५०० मीटरचं मोकळं वर्तुळ कुठं मिळतं ते मला दाखवा. गोठ्यामागच्या डबक्याचं पाणी तपासणार का, कोण तपासणार, हे लिहून घ्या.

"नर चावत नाही" हे खरं आहे. पण नर-मादी वेगळे करतात ते कोषाच्या आकारावरून, मादीचा मोठा असतो. हजारात किती माद्या निसटतात तो आकडा मागा.

मग परत घ्यायचं कसं, ते विचारा. आजीच्या विहिरीतले गप्पी काढायला मी नंतर गेलो होतो. दोन दिवस जाळं टाकलं, निघेनात. दुष्काळात विहीर तळाला गेली तेव्हाच संपले.

पैसे कुणाचे, हे भर सभेत विचारा. १९७५ मध्ये हरियाणात सोनीपतला जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआरचं पथक वांझ एडिस सोडणार होतं. पैसा अमेरिकेचा. हे जैविक युद्धाचं काम आहे असा गवगवा झाला, संसदेत विषय गेला आणि सगळं गुंडाळलं. लोकांना आधी नीट सांगितलं असतं तर कदाचित वेगळं झालं असतं.

आणि नाही म्हणणंही फुकट नसतं. डेंग्यूनं प्लेटलेट उतरलेलं पोर घेऊन रात्री संभाजीनगरला गाडी शोधणारा बाप मी पाहिलाय. फवारणीचा धूर पोरांच्या छातीत जातो तोही मीच उडवलाय. पण आमच्याकडे एडिस होतो तो नळ आठ-आठ दिवस येत नाही, घरोघर पाणी साठवावं लागतं म्हणून. तेवढ्या पैशात पाणी एक दिवसाआड आलं तर काय होईल, हा प्रश्न सभेत ठेवा आणि उत्तर आकड्यात मागा.

सभा बाजाराच्या दिवशी नको. बायका येऊ शकतील अशी वेळ घ्या, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास. रांजण त्याच भरतात, डास कुठं आहेत ते त्यांनाच ठाऊक. जीईएसीची, म्हणजे जनुक बदललेल्या जिवांना मंजुरी देणाऱ्या केंद्राच्या समितीची, परवानगी झेरॉक्ससकट मागा. ठरावात तीन गोष्टी असू द्या: किती महिन्यांसाठी, थांबवा म्हटल्यावर किती दिवसांत थांबवणार, आणि त्यानंतर डास मोजायला कोण येणार. ठरावाची प्रत उपकेंद्राच्या भिंतीवर चिकटवा. फाईलमध्ये ठेवलेला ठराव एकतीस वर्षांत मला एकदाही सापडलेला नाही.