गावाचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने रुळवलेली ही पद्धत: आधी पाणी मोजायचं, मग पीक ठरवायचं.

पर्जन्यमापक उघड्यावर बसवा, झाडापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला नोंद. झाडाखालचा आकडा कमीच भरतो आणि पुढचं सगळं गणित फसतं.

1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर. 1,000 हेक्टरांच्या गावात 400 मिलिमीटर पडला तर 400 कोटी लिटर. आकडा पाहून हुरळू नका. बरंचसं वाहून आणि उडून जातं. म्हणून पावसाळा सरला की पाच-सहा ठरलेल्या विहिरींची पातळी पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आत मोजा. दुपारचं माप खोटं.

वाटपात पहिला मान पिण्याच्या पाण्याला. माणशी रोज 55 लिटर धरले तर 1,500 वस्तीला वर्षाला तीन कोटी लागतात. मग जनावरं, मोठ्या जनावराला 50 लिटर. उरेल त्यावर रब्बी. हरभऱ्याला हेक्टरी साधारण 25 लाख लिटर, कांद्याला 50 लाख, उसाला दोन कोटींच्या घरात! हिवरे बाजारने ऊस-केळी बंद केली ती याचमुळे. शेतीसाठी बोअरही बंद, कारण एकाची खोल बोअर शेजाऱ्याची विहीर आटवते आणि आधी मरतो तो उथळ विहिरीवरचा अल्पभूधारक.

आकडे ग्रामसभेत फळ्यावर लिहा. फक्त बागायतदार जमले तर सभा तहकूब करा. मजुरांना आणि बायकांना सोयीची वेळ विचारून पुन्हा बोलवा.