टिपणे भरपूर, लेखन मात्र अडलेले: या चुका टाळा

प्रबंध लिहायला बसलेल्या विद्यार्थ्याकडून किंवा लेखाची जुळवाजुळव करणाऱ्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: तीन वह्या टिपणांनी भरल्या आहेत, मोबाइलमध्ये स्क्रीनशॉटचा खच पडला आहे, तरी पहिला परिच्छेद काही सुचत नाही. मग तो आणखी वाचायला घेतो आणि ढीग वाढत जातो. बहुतेकदा वाचन कमी पडलेले नसतेच. टिपण लिहितानाच जो विचार करायचा होता, तो 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकललेला असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मूळ मजकूर जसाच्या तसा उतरवून घेणे. महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेवर लेख लिहायचा आहे, असे समजू. 'योजनेचे जनक वि. स. पागे, सुरुवात १९७२, अधिनियम १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून' हे टिपण स्पर्धा परीक्षेतील एका गुणाला पुरेल, पण त्यातून लेखाचे एकही वाक्य निघत नाही. तीच माहिती अशी लिहून पाहा: 'योजना १९७२ मध्ये सुरू झाली, कायदा लागू झाला तो १९७९ मध्ये. मधली वर्षे ती कशाच्या आधारावर चालली? दुष्काळ सरल्यावर ती गुंडाळली का गेली नाही?' या टिपणात दोन प्रश्न आहेत, आणि लेखनाला सुरुवात करायला तेवढे पुरतात. असे टिपण पुस्तक मिटूनच लिहावे. मिटल्यावर काहीच लिहिता येत नसेल, तर मजकूर समजलेला नाही, हे तिथल्या तिथे कळते. तो पुन्हा वाचावा. शब्दशः उतारा घ्यावा तो जिथे शब्दांवरच सारे अवलंबून असते तिथे, उदाहरणार्थ कायद्याच्या कलमात, जिथे 'देईल' आणि 'देऊ शकेल' यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरी चूक क्षुल्लक वाटते, पण ऐन वेळी दगा देते ती हीच: पृष्ठक्रमांक न लिहिणे. एका लेखासाठी मी एक चांगली आकडेवारी टिपून ठेवली होती. ती कुठून घेतली हे मात्र लिहिले नव्हते. दोन दिवस पुस्तके चाळूनही ती सापडली नाही, आणि अखेर तो परिच्छेदच काढून टाकावा लागला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चालू असलेल्या संस्कृत शब्दकोशाच्या कामासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. चिठ्ठीवर शब्दासोबत तो आलेले वाक्य आणि त्याचे ग्रंथातील नेमके स्थळ असते, म्हणूनच कित्येक दशकांपूर्वी दुसऱ्याच कुणी लिहिलेली चिठ्ठी आजच्या संपादकाला वापरता येते. आपले टिपणही सहा महिन्यांनंतरच्या आपल्यासाठी असते, आणि तो माणूस जवळजवळ परकाच असतो. याच कारणाने दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत ठेवावेत आणि स्वतःच्या मताआधी 'माझे' असे लिहावे. नाहीतर नकळत हातून वाङ्मयचौर्य घडते.

सारांश मूळ मजकुराइतकाच लांबत असेल किंवा हायलायटरने अख्खे पान पिवळे होत असेल, तर आपण कोणत्या प्रश्नासाठी वाचत आहोत हे ठरलेले नाही, असे समजावे. वाचनाआधी तो प्रश्न समासात लिहिला, की निम्मा मजकूर आपोआप गळतो.

आता मांडणी. 'शेती', 'अर्थकारण', 'इतिहास' अशा फोल्डरांत टिपणे जातात खरी, पण परत बाहेर येत नाहीत. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्या विषयवार लावण्याऐवजी प्रत्येकीला कायमचा क्रमांक दिला, नवी चिठ्ठी तिच्याशी नाते असलेल्या जुन्या चिठ्ठीमागे ठेवली आणि एकीवर दुसरीचा क्रमांक नोंदवला. (हे वाचून अनेकजण महिनाभर अ‍ॅप निवडण्यात आणि टॅगचे रंग ठरवण्यात घालवतात. एवढ्या वेळात लेख झाला असता.) घेण्यासारखे एवढेच, की टिपणाचा संबंध कुठल्या टिपणाशी आहे हे त्यावरच लिहावे आणि मथळा म्हणून विषयाचे नाव न देता पूर्ण विधान द्यावे. 'रोहयो' या मथळ्याने काहीच कळत नाही. 'दुष्काळ सरला, तरी रोजगार हमी सरली नाही' असे लिहिले, की बाजू कळते. अशी दहा-बारा विधाने टेबलावर मांडून मागेपुढे सरकवली, की लेखाचा आराखडा दिसू लागतो आणि कोणत्या दोन विधानांमध्ये दुवा तुटला आहे, तेही दिसते.

जुना ढीग आधीच साचला असेल, तर तो सगळा नव्याने लिहिण्याच्या फंदात पडू नये. हातातल्या लेखापुरतीच टिपणे बाजूला काढावीत आणि प्रत्येकावर एक विधान लिहून पाहावे. ज्यावर ते लिहिता येत नाही, ते टिपण फाडू नये. पाकिटात घालून वर तारीख टाकावी आणि उरलेल्यांवर लिहायला बसावे.