सीबीसीच्या कागदावरचं शून्य: टायफॉइडचा सुगावा लवकर कसा लावावा

पावसाळ्यात मुंबईत ताप आला की सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो आणि घरातले सगळे एकच आकडा शोधतात: प्लेटलेट्स. डेंग्यूची धास्तीच तशी आहे. पण ताप चार-पाच दिवस रोज थोडा चढतोय, जिभेवर पांढरा थर, पोट जड, असं असेल तर त्याच कागदावर मुदतीच्या तापाच्या, म्हणजे टायफॉइडच्याही खुणा सापडतात.

आधी एकूण पांढऱ्या पेशी बघा. मोठ्या माणसात ४,००० ते ११,००० हा साधारण पल्ला. जंतू शिरले की त्या वाढतात असं आपण धरून चालतो. टायफॉइडमध्ये मात्र त्या बहुधा पल्ल्यातच राहतात किंवा खाली येतात. लहान मुलांत वाढलेल्याही दिसतात.

मग त्याखालचा डिफरन्शियल काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रत्येक प्रकाराची टक्केवारी. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइटच्या मोठ्या आकड्यांनंतर इओसिनोफिलची ओळ येते. एरवी तिथे १ ते ६ टक्के असतात. आमच्या शेजारच्या मुलाच्या कागदावर तिथे ‘००’ छापलं होतं. त्याची आई म्हणाली, “शून्य म्हणजे काही निघालं नाही, चांगलंच ना हो वहिनी?” नाही. टायफॉइडमध्ये या पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी किंवा दुसऱ्या जंतुसंसर्गानेही तसं होतं, म्हणून हा पुरावा नव्हे, इशारा. पण आकडा ३-४ टक्के असेल तर डॉक्टरांचा टायफॉइडचा संशय बराच कमी होतो.

इशारा मिळाला की अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी डॉक्टरांना ब्लड कल्चरबद्दल (रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या चाचणीबद्दल) विचारा. इथेच बहुतेकांचं चुकतं: केमिस्टकडून गोळ्या आणून दोन दिवस खातात, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही. मोठ्यांचं ८ ते १० मिली रक्त लागतं, आणि पहिल्या आठवड्यात जंतू सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. कोणतं औषध लागू पडेल तेही त्यातच कळतं. तरी कल्चर निगेटिव्ह आलं म्हणजे टायफॉइड नाहीच, असं नसतं.

विडाल ही रक्तातल्या अँटिबॉडी बघणारी चाचणी स्वस्त, म्हणून सर्रास करतात. १८९६ सालची ही पद्धत पहिल्या आठवड्यात अनेकदा निगेटिव्ह येते, आणि जुन्या संसर्गामुळे उगाच पॉझिटिव्हही. मी तिच्यावर विसंबणार नाही.

मलेरियाची स्लाइड आणि डेंग्यूची एनएस१ चाचणी त्याच दिवशी करून घ्या. प्लेटलेट्स तिन्ही तापांत उतरू शकतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटात जोरात कळ आली, पोट कडक झालं किंवा पांढऱ्या पेशी एकदम उसळल्या, तर आतड्याला छिद्र पडलेलं असू शकतं. तेव्हा पुढच्या रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठा.